वृंदा मॅडमची चिप

वृंदा मॅडम कुणाबरोबर जेवत नसत. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुपारी सगळे डबे एकाच टेबलावर उघडले जायचे. कुणाची शेवभाजी, कुणाचं भरीत, कुणाकडचे आदल्या दिवशी उरलेले मांडे, आणि प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या डब्यात. वृंदा मॅडम आपला डबा उचलून हार्डवेअर लॅबमध्ये जात आणि खिडकीशी उभ्या राहून, बाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत खात. नवीन आलेल्या कुणी आग्रह केला, "मॅडम, बसा ना आमच्यासंगं," तर त्या म्हणत, "तुम्ही जेवा. मला कुणासमोर जेवता येत नाही." बोलण्यात राग नसे. पण दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कुणाला होत नसे.

आमचं कॉलेज बहादरपूरच्या रस्त्याला. खाजगी, बेताचं, इंजिनिअरिंगचं. मी तिथं गणित शिकवत होते. वृंदा मॅडम बंगलोरहून एकदम आमच्याकडे आल्या तेव्हा गावात बोलायला विषय मिळाला. इतक्या मोठ्या कंपनीत चिप बनवणारी बाई बऱ्हाणपुरात परत कशाला येईल? नवऱ्यानं सोडलं असं काही म्हणाले, नोकरीवरून काढलं असं काही म्हणाले. गावातल्याच लालबागेत त्यांच्या वडिलांचं जुनं घर होतं. आप्पा जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले, कानानं पार गेलेले. मुलगी परत आली याचं त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही. बहुधा त्यांनी तिला ते विचारलंही नसावं.

मॅडम उंच, हडकुळ्या, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात काही नाही. एक सवय मात्र सगळ्यांच्या नजरेत भरायची. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी त्या खिडकीच्या गजाला नाहीतर नळाला बोटं टेकवीत. चिपवर काम करणाऱ्यांना ती सवय लागते. अंगात साठलेली वीज आधी जमिनीत सोडायची, नाहीतर न दिसणाऱ्या ठिणगीनं चिप मरते. पोरींना वाटलं हा काही शकुन आहे. परीक्षेला जाताना त्या वर्गाच्या खिडकीचा गज शिवून जाऊ लागल्या. मॅडमना कळलं तेव्हा त्या हसल्या. "शिवा, शिवा. पेपरला फायदा नाही, पण पेनाला शॉक बसणार नाही."

दरवर्षी पहिल्या तासाला त्या एक जुना मदरबोर्ड वर्गात फिरवीत आणि विचारीत, यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग कोणता? पोरं प्रोसेसरवर बोट ठेवायची. मॅडमचं बोट मधल्या चौकोनी चिपवर जायचं.

"प्रोसेसरला काही आठवत नाही. आठवण असते मेमरीत. दोघांच्या मधे ही. तो मागतो, ही आणून देते. ही सुस्त असली तर तो कितीही तेज असो, हात चोळत बसतो."

एकदा मंडीतल्या व्यापाऱ्याचा पोरगा मागून ओरडला, "मतलब मॅडम, आडत्या!"

"हो. आडत्याच."

वर्ग हसला. हसणं थांबेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता प्रोसेसरनं आडत्याचं काम स्वतःच्या घरातच घेतलं. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही चिप शोधाल तर सापडणार नाही. जी उरली आहे ती किरकोळ कामांपुरती. आधी ही बनवणाऱ्या चार-पाच कंपन्या होत्या. एकमेकींच्या उरावर बसायच्या." मग बोर्ड हातात घेऊन त्यावरची धूळ त्यांनी ओढणीनं पुसली आणि पुढचा धडा सुरू केला. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल पाहुण्यांना सांगावं तसा तो आवाज होता.

त्यांच्याबद्दल मला जे कळलं ते इंदूरला. विद्यापीठाचे पेपर तपासायला आम्हा दोघींना पाठवलं होतं. दुपारच्या सुट्टीत त्या डबा घेऊन व्हरांड्याच्या टोकाला निघाल्या. त्यांना एकांत हवा असेल म्हणून मी दुसरीकडे वळले, तर म्हणाल्या, "थांबा मॅडम. आज थांबा."

त्यांनी डबा उघडलाच नाही. कठड्यावर ठेवून त्या बोलत राहिल्या.

"माझी कंपनी छोटी होती. दोनच कामं करायची. चिपसेट, म्हणजे ती मधली चिप, बनवायचे आणि कोर्टात जायचं. प्रोसेसर बनवणारी मोठी कंपनी स्वतःचे चिपसेटही बनवायची. तिच्या प्रोसेसरला जोडली जाणारी चिप दुसऱ्यानं बनवायची तर तिची परवानगी लागायची. कधी द्यायची, कधी अडवायची. तरी मजा होती हो. आमची चिप बाजारात आली की त्यांचे भाव उतरायचे, त्यांची आली की आमची झोप उडायची. मुकुंद आणि मी एकाच टीममध्ये होतो. तिथंच लग्न ठरलं. मग त्याला मोठ्या कंपनीनं बोलावलं. ऑफिस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. आमच्या खिडकीतून त्यांचं गेट दिसायचं."

घरात दोघांनी नियम केला होता. जेवणाच्या टेबलावर ऑफिस काढायचं नाही. सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. फोन आला की एकानं गॅलरीत जायचं, दुसऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मग वृंदा मॅडमना एक युक्ती सुचली. प्रोसेसर पुढं काय मागेल याचा अंदाज घेऊन मेमरीतून ते आधीच काढून ठेवायचं. कागदावर ती चिप मोठ्या कंपनीच्या चिपच्या पुढं धावत होती. छोट्या कंपनीनं उरलासुरला जीव त्या एका चिपवर लावला आणि टीम वृंदा मॅडमच्या हाती दिली. त्याच सुमारास त्यांना दिवस गेले.

"डॉक्टरनं पडून राहा म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नाही राहिले. डिझाइन कारखान्याकडे जायचं होतं. आणखी थोडे दिवस, मग सुट्टी, असं करत राहिले. एक दिवस ऑफिसच्या जिन्यात त्रास सुरू झाला. मूल गेलं. मी दवाखान्यातून परत आले आणि राहिलेलं काम पुरं केलं. म्हटलं, निदान हे तरी."

मी माझा डबा कठड्यावर त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"चिपचे पहिले नमुने कारखान्यातून आले आणि त्याच आठवड्यात मोठ्या कंपनीनं नवा प्रोसेसर जाहीर केला. मधल्या चिपचं मेमरीचं काम त्याच्या आतच. मधे कुणी लागणारच नव्हतं. आमचं ऑफिस बंद झालं. आणि मुकुंद त्या नव्या प्रोसेसरच्या टीममध्ये होता. पहिल्या दिवसापासून. मी ज्या चिपसाठी मरत होते तिला कुणी विचारणार नाही हे त्याला माहीत होतं. रोज माझ्यासमोर बसून जेवायचा. भाजी छान झालीय म्हणायचा."

"त्यांना सांगता आलं नसतं का?" मी विचारलं.

"सही केली होती ना त्यानं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, कोर्टात उभं केलं असतं. त्याचं काही चुकलं नाही, मॅडम. हेच तर. चुकलं असतं तर भांडले असते, माफ केलं असतं. आराम कर, असं म्हणायचा. डॉक्टर म्हणतात म्हणून. त्याला जे माहीत होतं ते मनात ठेवून एकदा जरी मला हात पकडून बसवलं असतं, कारण नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

घंटा झाली. त्यांनी डबा तसाच पिशवीत टाकला आणि आम्ही आत गेलो. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. नाहीतर झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

त्या बंद पडलेल्या ऑफिसमधून त्यांनी एकच गोष्ट आणली होती. चाचणीचा एक बोर्ड, त्यावर ती चिप. लालबागेतल्या घरात मागच्या खोलीत तो टेबलावर उघडा पडलेला असे, जुना प्रोसेसर लावलेला. तो सुरू व्हायचा. थोडा वेळ झकास चालायचा, आणि मग मधेच गोठायचा. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबायचं. मॅडम कॉलेजातून आल्या की त्या बोर्डासमोर बसत. त्यांचं म्हणणं, प्रवासात कुठंतरी सोल्डरचा टाका हलला असावा, किंवा कारखान्याच्या त्या नमुन्यातच खोट असावी. चिपच्या डिझाइनबद्दल त्यांना शंका नव्हती. "एकदा ही सबंध दिवस चालताना बघायचीय," एवढंच म्हणत. कुणाला दाखवायची नव्हती. विकायला तर जगात गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. आप्पा दारात येऊन मोठ्यानं विचारायचे, "पोरी, हे काय करून राहिली तू रोज?" त्या हातानंच खूण करायच्या, थोडं राहिलंय. आप्पा वारले त्या वर्षीही तेच उत्तर होतं.

आमच्याकडे रुखसार नावाची मुलगी शिकत होती. तिचे अब्बा पॉवरलूमवर. पोरगी विलक्षण चिवट. मॅडमनी तिला घरी बोलावून शिकवलं आणि तिला बंगलोरला नोकरी लागली, त्याच मोठ्या कंपनीत. पेढे घेऊन ती स्टाफरूममध्ये आली आणि सांगितलं, "मॅम, मेरे मॅनेजर भी महाराष्ट्रियन हैं. मुकुंद सर."

मी वृंदा मॅडमकडे बघितलं. त्यांनी पेढा घेतला. म्हणाल्या, "वो सिखाते अच्छा हैं. उनकी बात सुनना. बस, खाने की मेज़ पे ऑफिस की बात मत करना." मग थांबल्या आणि म्हणाल्या, "नहीं. करना. ज़रूर करना."

रुखसारला त्यातलं काही कळलं नाही. ती पाया पडली आणि गेली. मॅडमनी पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

पुढं आमच्या कॉलेजची कळा उतरत गेली. हार्डवेअरला पोरं येईनात. सगळ्यांना सॉफ्टवेअर हवं, एआय हवं. संचालकांनी ठरवलं, लॅब रिकामी करायची आणि तिथं नव्या कोर्सच्या खुर्च्या लावायच्या. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, सर बुलवून राहिले. भंगारवाला आला आहे." वृंदा मॅडम गेल्या, बोलल्या. माझ्यादेखत त्यांनी संचालकांना विचारलं, "हे सगळं ज्यावर चालणार आहे ते कसं बनतं हे कुणालाच शिकवायचं नाही का?" संचालक भला माणूस. म्हणाला, "मॅडम, पढनेवाला लाओ, मैं लॅब रख लूँगा." पोरं कुठून आणणार? त्यांनी लॅबमधला ऑसिलोस्कोप, विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं ते यंत्र, मागून घेतला आणि रिक्षात घालून घरी नेला. बाकीचं गेलं. त्या दिवसापासून त्या उभ्या राहून खायच्या त्या खिडकीशी दुसऱ्याच कुणाचं टेबल आलं. मग त्यांनी दुपारचं खाणंच बंद केलं.

याच सुमारास बंगलोरहून बातमी आली. मोठ्या कंपनीला आता दुसऱ्या कंपनीनं मागं टाकलं होतं, आणि माणसं कमी करणं चाललं होतं. वयानं मोठे, पगारानं मोठे, ते आधी. रुखसार राहिली. मुकुंद गेला. तिनंच फोनवर सांगितलं. वृंदा मॅडम म्हणाल्या, "होतं असं," आणि विषय बदलला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका शनिवारी त्या माझ्याजवळ आल्या. "उद्या दुपारी घरी येऊन बसाल का? काही करायचं नाही. फक्त बसायचं. मुकुंद येतोय."

मी गेले. दार उघडंच होतं. मुकुंद पुढच्या खोलीत बसले होते. मी मनात मोठ्या माणसाचं चित्र केलं होतं. हा माणूस शर्टात हरवल्यासारखा दिसत होता, कॉलर मानेपासून सुटलेली. प्रवासाचा शीण असेल असं मला वाटलं. मॅडमना काय वाटलं कुणास ठाऊक.

जेवण झालं. म्हणजे त्यांनी मला आणि मुकुंदना वाढलं. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मुकुंदनी अर्धीच भाकरी खाल्ली. "भरीत छान..." म्हणायला लागले आणि मधेच थांबले.

मॅडम उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. ते वर्षभर तुला सांगावंसं वाटलं का कधी?"

मी उठायला लागले. त्यांनी डोळ्यांनीच बसा म्हटलं.

मुकुंदनी हात ताटातच ठेवला होता. म्हणाले, "सुरुवातीला वाटायचं. रोज वाटायचं. मग आमची चिप चालायला लागली, वृंदा. मग नाही वाटलं. खरं सांगतो, आनंद व्हायचा. घरी यायचो तोही त्या आनंदातच."

"आणि दवाखान्यात?"

"तिथं सांगणार होतो. बाकावर बसून वाक्य जुळवत होतो. मग म्हटलं, आता सांगून काय."

मॅडमनी ताटाकडे बघितलं. "चिप चालली की आनंद होतोच," त्या म्हणाल्या. "मलाही झाला असता." आणि ताटं उचलून आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. म्हणाल्या, "ये. तुला एक दाखवते."

मागच्या खोलीत बोर्ड सुरू केला. मुकुंदनी खिडकीच्या गजाला बोटं टेकवली आणि मग खुर्ची ओढली. दोघं त्या टेबलाशी बसले ते बसलेच. मी दारातल्या वेताच्या मोड्यावर. पंखा गरम हवा फिरवत होता. सुरुवातीला दोघं तुटक बोलत होते. मग वाक्यं अर्धीच राहायला लागली, कारण पुरी करायची गरज नव्हती. एकानं हात पुढं करायचा, दुसऱ्यानं हवी ती वायर द्यायची. हे एकेकाळी एका टीममध्ये होते हे मला त्या क्षणी पटलं. मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी स्टाफरूममध्ये कधीच पाहिलं नव्हतं. बाई चक्क भांडत होत्या, हसत होत्या.

बोर्ड गोठला. पुन्हा सुरू केला. मुकुंदनी मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. आता गोठला नाही. पट्टी परत लावली, केस वाळवायचं यंत्र मागून त्यावर गरम हवा सोडली. लगेच गोठला. त्यांनी ऑसिलोस्कोपची सुई चिपच्या एका पायावर टेकवली आणि बराच वेळ पडद्यावरच्या रेषा पाहिल्या. मग खुर्चीत मागं टेकले.

"काय?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी सुई खाली ठेवली. खिडकीबाहेर बघत राहिले.

"मुकुंद, काय आहे?"

मला वाटलं हा माणूस आता पुन्हा तेच करणार. काही नाही म्हणणार, टाका हललाय म्हणणार, बोर्ड जुना झालाय म्हणणार. तसं म्हणणं सोपं होतं आणि त्यानं कुणाचंच बिघडलं नसतं.

"टाका नाही," ते म्हणाले. "नमुनाही चांगला आहे. चूक डिझाइनमध्ये आहे. तुझ्या भागात."

मला त्यातलं कळण्याजोगं मॅडमनीच नंतर सांगितलं. मेमरीला आपल्याजवळचं सारखं उजळत राहावं लागतं, नाहीतर ती विसरते. ते उजळणं चालू असताना ती दुसरं काम करू शकत नाही. मॅडमची चिप वेग मिळावा म्हणून ते उजळणं थोडं पुढं ढकलायची. त्याला मर्यादा असते, आणि मर्यादा मोजणारा भाग त्यांनी स्वतः लिहिला होता. दोन पट्ट्या लावल्या की तो मोजायला चुकायचा आणि उजळणं फार पुढं जायचं. गार खोलीत निभायचं. उष्णतेत मेमरी लवकर विसरते, आणि बऱ्हाणपुरात गार खोली कुठली?

त्या वेळी मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "तो भाग मी दवाखान्यातून आल्यावर पुरा केला होता."

मुकुंद म्हणाले, "पहिल्या नमुन्यात चुका निघतातच. दुसऱ्या खेपेत गेली असती."

"वेग पण गेला असता त्याबरोबर?"

"थोडा."

"तुमच्या चिपच्या पुढं राहिली असती?"

त्यांनी पडद्यावरच्या रेषांकडे पाहिलं. "बरोबरीला. फार तर."

मॅडमनी बोर्डचं बटण बंद केलं. पंख्याचाच आवाज उरला. इतकी वर्षं त्यांच्याजवळ एकच गोष्ट शिल्लक होती. आपली चिप चांगली होती, ती हरली ती तिच्या दोषानं नव्हे, ही समजूत. ती आता कुठं गेली? मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मुकुंद चपला घालायला बाहेर गेले. त्यांची गाडी संध्याकाळची होती. फाटकापर्यंत आम्ही तिघं गेलो. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." ते म्हणाले, "हं." आणि रिक्षात बसले. बसताना त्यांना दांड्याला धरावं लागलं.

पावसाळा संपता संपता रुखसारचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मॅडम आणि मुकुंद सरांचं नातं तिला तोवर कळलं होतं, आणि वृंदा मॅडमना सांगायचा तिला धीर होत नव्हता. मुकुंद सर गेले. आजार पोटाचा, कर्करोग. नोकरी जायच्या आधीपासूनच उपचार चालू होते. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बऱ्हाणपूरला आले तेव्हा डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं होतं.

मी लालबागेत गेले. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हातातला कपडा पिळला, झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"आजारी होता?"

"हो. तेव्हाही होते."

"आणि बोलला नाही."

"नाही."

त्या पायरीवर बसल्या. "माझी चूक सांगितली," त्या म्हणाल्या. "तेवढी सांगितली. हे मनातच ठेवलं." मग तोंडावर पदरासारखी ओढणी दाबून धरली आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायची इच्छाही नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. मी हातानं तिला जा म्हटलं.

घटस्फोट झालेला नव्हता. बंगलोरला मुकुंदच्या बहिणीनं सगळं उरकलं होतं. तिनं वृंदा मॅडमना कळवलं नव्हतं, आणि मॅडमनीही तिला दोष दिला नाही. लालबागेतल्या बायका मात्र माझ्याकडे येऊन विचारत होत्या, सुतक आहे का, भेटायला जावं का, काय म्हणून जावं? मॅडम कॉलेजला येत होत्या, तास घेत होत्या. पुढच्या वर्षापासून त्यांची शाखा बंद होणार हे तोवर नक्की झालं होतं. राहिलेल्या मुलांना शिकवून त्या जाणार होत्या. पुण्याला मावसबहिणीकडे, असं काहीतरी बोलल्या होत्या.

जायच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला विचारलं, "सकाळी राजघाटावर येता का माझ्याबरोबर? एकटीला जमेलसं वाटत नाही."

थंडी पडायला लागली होती. तापीला पाणी भरपूर होतं, पायऱ्यांवर धुकं. घाटावर दोन-चार माणसं आंघोळ करत होती. एक म्हातारे पंडितजी पाटावर बसून कुणाकुणाचं तर्पण उरकत होते. त्यांच्यापुढं तीळ, दर्भ, पितळेचा तांब्या. वृंदा मॅडमनी चपला काढल्या आणि माझ्याकडे पर्स दिली. मला वाटलं होतं त्या नुसत्या बघून परततील. त्या पंडितजींसमोर जाऊन बसल्या.

"किसके नाम से, बेटी?"

"मुकुंद."

"गोत्र?"

त्यांनी मान हलवली. लग्नात कानावर पडलं असेल, आता आठवत नव्हतं. पंडितजींना त्याचं काही वाटलं नाही. रोज अशी माणसं येत असणार. त्यांनी तांब्या उचलला, दर्भ त्यांच्या बोटात अडकवला आणि विचारलं, "आपके कौन लगते थे?"

वृंदा मॅडम पाण्याकडे बघत राहिल्या. मागं कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत खोकलं. पंडितजींनी मान वर केली.

"साथ में काम करते थे," त्या म्हणाल्या.

पंडितजींनी घटकाभर त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि मंत्र म्हणायला लागले. पाणी बोटांमधून खाली गळत होतं, आणि ते संपेपर्यंत त्यांनी ओंजळ तशीच धरून ठेवली.